राऊत सरांनी नाकारलेली गाडी

वहिनी, मंडळातले माझे सोबती, शाळेच्या बाई, पालकहो, आजचा बाजार सोडून अर्नाळ्याहून आलेल्या मावश्यांनो, आणि इथे पुढे चटईवर बसलेल्या मुलांनो,

उभी तर राहिले आहे. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. रडू येईल म्हणून नव्हे. रडू आलं तर येऊ दे, सगळे घरचेच आहात. मी नको म्हटलं, कारण आपल्या मंडळाच्या बैठकीत राऊत सरांशी सगळ्यांत जास्त भांडले ती मी. भांडणाऱ्या माणसाने शोकसभेत काय बोलायचं? पण परवा वहिनींनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "सिसिलियाबाई, तुम्हीच बोला. बाकीचे सगळे त्यांना देवमाणूस म्हणणार. बेचाळीस वर्षं संसार केलाय मी, मला ते बसून ऐकवणार नाही."

हसताय ना वहिनी? हसा. तेवढंच बरं वाटतं.

तेव्हा मी सरांना देवमाणूस म्हणणार नाही. सर हट्टी होते. एखादी गोष्ट मनात धरली की समोरच्याला दमवून सोडायचे. चहा फार प्यायचे. आणि भित्रे होते. हो, भित्रे. हे मी म्हणत नाही, त्यांनीच मला सांगितलं होतं. कधी आणि का, ते पुढे सांगते.

तुमच्यातले काही जण आज पहिल्यांदाच शाळेत आलात. विरारच्या नव्या इमारतींमधून आलेल्या मंडळींना सर ठाऊक असतील, शाळा नसेल. ज्या मुलांना शिकायला वेळ लागतो, त्यांची ही शाळा आहे. लोक त्यासाठी दुसरा शब्द वापरतात. सरांनी तो पाटीवर लिहू दिला नाही. म्हणायचे, "ती सावकाश शिकतात, एवढंच. घाई आपल्याला आहे." आगाशीच्या बाजारामागच्या या दोन खोल्या. पूर्वी इथे केळी साठवायचे. अजूनही पावसाळ्यात भिंतीला सुकेळ्यांचा वास येतो. मंडळातलं कोणी पगारी नाही. आम्ही आपापली कामं सांभाळून शाळा बघणारी माणसं. कोणी शिक्षक, कोणी वाडीवाला, एक डॉक्टर, एक बँकेत. आणि अध्यक्ष राऊत सर, हायस्कूलमधून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर.

ते आमच्या भुईगावच्या घरी पहिल्यांदा आले तो दिवस मला आठवतो. मोना, माझी मुलगी, तेव्हा लहान होती. बोलायची थोडं, तेही घरच्यांनाच कळेल असं. सर ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि विचारलं काय? तर, "एसटीत बसलीय का कधी?"

मी म्हटलं, "नाही."

"का?"

"लोक बघतात, सर."

"बघू देत की. एकदा बघतील, दोनदा बघतील. मग कंटाळतील बिचारे."

असे सर. मला राग आला होता. लोकांचं बघणं काय असतं हे या माणसाला काय माहीत, असं वाटलं. तरी मोना शाळेत आली. मी मंडळात आले. आणि आमची भांडणं सुरू झाली.

पहिलं मोठं भांडण गाडीवरून. त्याबद्दल मला आज बोललंच पाहिजे, कारण तोच गाडीचा प्रश्न आज पुन्हा आपल्या दारात उभा आहे.

शाळा जरा मार्गी लागली तेव्हा मुंबईहून काही सज्जन माणसं शाळा बघायला आली होती. मुलांनी त्यांना फुलांच्या माळा घातल्या. मंडळी गहिवरली. म्हणाली, आम्ही तुम्हाला एक गाडी देतो. शाळेचं नाव रंगवलेली. ड्रायव्हरचीही सोय करतो. मुलांना दारातून आणायची, दारात सोडायची.

त्या दिवशी आम्ही सगळे किती खूश होतो! बैठक याच खोलीत, मुलांच्या बुटक्या बाकांवर, गुडघे छातीला लागलेले. आता आभाराचा ठराव करायचा आणि चहा प्यायचा, एवढंच बाकी होतं. आणि सर म्हणाले, "मला वाटतं, आपण गाडी घेऊ नये."

बस्त्यावभाऊ, तुम्हाला आठवतं? तुम्ही बाकावरून अर्धे उठलात. "सर, लोक देवाकडं गाडी मागतात. तुम्ही दारात आलेली परत धाडता? उपास जास्त झाले काय तुम्हाला?"

सर म्हणाले, "गाडी दारातून उचलणार, दारात सोडणार. मग मधला रस्ता या मुलांनी कधी बघायचा? आणि रस्त्याने यांना कधी बघायचं? आपण आहोत तोवर ठीक. आपण नसू तेव्हा यांना ओळखणारं कोण असेल? गाडीचा ड्रायव्हर?"

डॉक्टर म्हणाले, धोका आहे. बँकेतले आपले साहेब म्हणाले, जबाबदारी कोणाची? आणि मी, मी सरळच विचारलं. "सर, तुमची स्वतःची मुलगी असती तर?"

वहिनींना आणि सरांना मूल नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी मी विचारलं, कारण प्रश्न खरा होता.

सर म्हणाले, "बाई, माझी मुलगी असती तर मी तिला अंगणाबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. मी फार भित्रा माणूस आहे. म्हणून तर मंडळ लागतं. आई-बापाला एकट्याला हे जमायचं नाही. चार बाहेरची माणसं लागतात, जी घाबरतील, पण जरा कमी घाबरतील."

आणि मग त्यांनी एक अट घातली. म्हणाले, गाडी नको म्हणायचं असेल तर नुसतं नको म्हणून घरी जाऊन झोपता येणार नाही. प्रत्येकाने एक थांबा घ्यायचा.

थांबा घेणं. नवीन मंडळींना हे विचित्र वाटेल. आपल्या मंडळात यायला शिक्षण लागत नाही, देणगी लागत नाही. थांबा घ्यावा लागतो. एसटीचा एक थांबा, आणि त्या थांब्यावरची मुलं. सुरुवातीला मुलाच्या शेजारी बसून आगाशीपर्यंत जायचं. तिकीट मुलानेच काढायचं, वेळ लागला तर लागू दे. कंडक्टरांना सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पैसे आमच्या हातून घेऊ नका म्हणून. थोडे महिने गेले की आपण मागच्या बाकावर बसायचं, ओळख न दाखवता. मग बसमध्ये चढायचंच नाही, नुसतं थांब्यावर उभं राहायचं. आणि शेवटी लपायचं. मुलाला वाटलं पाहिजे, मी एकटा आलो, मी एकटी आले.

काय लपायचो आम्ही! डॉक्टर निर्मळच्या थांब्यावर एका सायकलच्या दुकानात शिरायचे, तर दुकानदार रोज विचारायचा, "पंक्चर?" बस्त्यावभाऊ फुलांची करंडी डोक्यावर घेऊन झाडाआड उभे. आणि सर आगाशी नाक्यावर. सगळी मुलं तिथेच उतरायची, म्हणून सगळ्यांत महत्त्वाचा थांबा त्यांचा. रसाच्या गुऱ्हाळाच्या मागे उभे राहायचे. हातात ती काळी छत्री, उन्हाळा असो की थंडी. बस्त्यावभाऊ म्हणायचे, "सर, तुम्ही मावता गुऱ्हाळाच्या मागं. तुमची छत्री नाय मावत."

सर म्हणायचे, "छत्रीला कोण बघतंय?"

हे वाक्य आम्हाला महाग पडलं.

आपली शाळा सणाला बंद नसायची. अजूनही फारशी नसते. या मुलांची सवय एकदा मोडली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून मंडळात एक ठरलेलं होतं. हिंदूंचा सण असला की ख्रिस्ती सभासदांनी त्यांचे थांबे सांभाळायचे. आमचा सण असला, उपासाचा दिवस असला, की हिंदू सभासदांनी आमचे. गणपतीत बस्त्यावभाऊ आगाशी नाक्यावर उभे राहिलेत. नाताळच्या आधी नोव्हेना, म्हणजे आमच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, असायच्या तेव्हा सर भुईगावच्या थांब्यावर आलेत. कधी कोणाला आठवण करून द्यावी लागली नाही. कोणी कोणाला विचारायचंही नाही. सण कोणाचा आहे ते बघायचं, आणि आपण काय करायचं ते आपोआप कळायचं. आम्हाला त्याचा अभिमान होता.

आणि एका वर्षी महाशिवरात्र आणि आमचा उपासाचा राखेचा बुधवार एकाच दिवशी आले.

आता कळलं ना तुम्हाला?

सरांना वाटलं, आज आपला सण, बस्त्याव नाक्यावर आहे. ते वहिनींना घेऊन निवांत देवळात गेले. बस्त्यावभाऊंना वाटलं, आज आपला उपास, सर आहेतच. ते चर्चमध्ये राख लावून घ्यायला गेले. मी मोनाला भुईगावला नेहमीसारखी बसमध्ये चढवली आणि मीही चर्चमध्ये गेले. तेव्हा मोना एकटीने प्रवास करत होती. चांगले कितीतरी महिने. मला काळजी वाटेनाशी झाली होती.

बस आगाशी नाक्यावर आली. देवळाला जाणारी सगळी गर्दी उतरली. मोना उतरली नाही. बस पुढे अर्नाळ्याला गेली.

शाळेच्या बाईंना वाटलं, आज आमचा उपासाचा दिवस, मी तिला घरी ठेवलं असेल. मला वाटलं, ती शाळेत आहे. दुपारी परतीच्या बसमधून ती उतरली नाही, तेव्हा कळलं.

ती दुपार मी आजही कोणाला नीट सांगू शकत नाही. एवढंच सांगते की मी आगाशीला पोचले तेव्हा माझा निरोप मिळून सर आणि बस्त्यावभाऊ नाक्यावर समोरासमोर उभे होते. एकाच्या कपाळावर शंकराची विभूती, दुसऱ्याच्या कपाळावर चर्चची राख. दोघे उपाशी. दोघे एकमेकांना म्हणत होते, "मला वाटलं तुम्ही आहात." "मला वाटलं तू आहेस."

मग आम्ही तिघं बसच्या शेवटच्या थांब्यावर, अर्नाळ्याला. किनाऱ्यावर, जिथे बांबूंवर बोंबील वाळत घालतात, तिथे मोना. परकर खोचलेला, हात खारट, बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून बांबूवर टाकते आहे. शेजारी हिराय, तिथल्या कोळीण मावशी. त्या आज इथे आहेत, तिकडे खांबाजवळ बसल्यात. हिराय मला म्हणाल्या, "बाय, पानी मागलं, दिलं. भाकर दिली. मंग आपली आपन बसली बोंबील लावायला. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे, कोन ना कोन येईल न्यायला."

मी रडत विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळलं ही आगाशीच्या शाळेतली?"

"बस बाय! रोज बाजाराला जाते ना मी. रोज असते की ही बसमधी. हिला कोन वळखत नाय?"

सरांनी मोनाला विचारलं, "उतरली का नाहीस गं?"

मोना म्हणाली, "सर नव्हते ना."

बस. एवढंच. सर तिथे वाळूत खाली बसले. मला वाटलं, त्यांना भोवळ आली. बस्त्यावभाऊ पाणी आणायला धावले. सर म्हणाले, "पाणी नको. आपण हिला थांबा शिकवलाच नाही रे. हिला आपण मला शिकवलं."

मंडळींनो, मला तेव्हा ते ऐकायचंही नव्हतं. माझी मुलगी दिवसभर हरवली होती. त्याच संध्याकाळी बैठक झाली आणि मी सांगितलं, गाडी मागवा. नाहीतर मोना उद्यापासून येणार नाही. मी आवाज चढवून सांगितलं. आणि आज, इथे, सरांच्या फोटोसमोर उभी राहून सांगते, त्या दिवशी मी चिडले ते बरोबरच होतं. कोणत्याही आईने चिडायलाच हवं होतं.

सर माझ्याशी वाद घालायला उभे राहिले. "चूक आमची आहे," म्हणाले. "थांबा रिकामा राहिला, ती चूक. आणि त्याहून मोठी, आम्ही लपलोय असं आम्हाला वाटत होतं, मुलांना आम्ही दिसत होतो. पण बाई, गाडी असती तर हिरायने तिला ओळखलं असतं का?"

मी उठून निघून आले.

मोना काही दिवस घरी राहिली. सर समजूत घालायला आले नाहीत. निरोपही पाठवला नाही. मला त्याचाही राग आला. पण मोना रोज सकाळी बसच्या वेळेला दप्तर घेऊन कुंपणाजवळ उभी राहायची. बस गेली की आत यायची. ओरडायची नाही, हट्ट करायची नाही. बस गेली की दप्तर खुंटीला. एके दिवशी मीच फाटक उघडलं. मनातलं भांडण मिटलं म्हणून नव्हे. मला तिला तसं बघवेना म्हणून.

त्यानंतर सरांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. आता माणूस नाही शिकवायचा, जागा शिकवायची. आगाशी नाक्याच्या आधी पिठाची गिरणी लागते. तिची धडधड बसमध्ये ऐकू येते. धडधड ऐकू आली की उठायचं, दांडा धरायचा, पुढे सरकायचं. मोना ते कानाने शिकली. गिरणी बंद असेल तर? म्हणून मग देवळाचा कळस. कळस धुक्यात दिसला नाही तर? म्हणून मग शेजारच्या माणसाला विचारायचं, "आगाशी आली?" हे दोन शब्द परक्या माणसाला विचारायला मोनाला फार वेळ लागला. फार. सर आठवड्याला थोडे थोडे मागे सरकत गेले. गुऱ्हाळावरून गिरणीवर. गिरणीवरून बाजारात. शेवटी शाळेच्या पायरीवर येऊन बसले, चहा पीत. आणि मोठ्या मुलांच्या थांब्यांवर त्यांनी आम्हालाही मागे सरकवलं. मला म्हणाले, "बाई, थांबा घ्यायचा तो सोडण्यासाठी. धरून बसायला नव्हे."

तेही मला पटायला वेळ लागला. मीही सावकाशच शिकते.

आता मी आजच्या गोष्टीकडे येते.

सर गेले. आजार मोठा नव्हता असं आम्ही समजत होतो. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्यांनी काही उपदेश केला नाही. शाळेबद्दलही काही म्हणाले नाहीत. मला हळूच विचारलं, "इथे कुठे बरा चहा मिळतो का हो?" माझ्यासाठी ते त्यांचं शेवटचं वाक्य. मी चहा आणायला गेले नाही, डॉक्टरांनी नको सांगितलं होतं. असो.

आणि आमचे मनोहरभाऊ. दुसऱ्या रांगेत बसले आहेत. सरांचे विद्यार्थी, विरारला त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. सरांच्या अंत्यविधीचं सगळं त्यांनी सख्ख्या मुलासारखं केलं. मनोहरभाऊंनी मंडळाला सांगितलं आहे की सरांच्या स्मरणार्थ ते शाळेला एक मेटाडोर देणार. नवी कोरी. तिच्यावर सरांचं नाव. मंडळात यावर दोन मतं पडली. शेवटी सगळे म्हणाले, आता अध्यक्षाचं काम सिसिलियाबाई बघतात, त्या ठरवतील आणि शोकसभेत सांगतील.

मनोहरभाऊ, तुमचं म्हणणं चुकीचं नाही. रस्ते पूर्वीचे राहिले नाहीत. विटांच्या, सिमेंटच्या गाड्या दिवसभर धावतात. बसला गर्दी वाढली. नवी वस्ती आली, त्यांना आमची मुलं ठाऊक नाहीत. परवाच बसमध्ये एक बाई मोनाकडे बघून आपलं पोर जवळ ओढून बसली. मी पाहिलं. आई आहे मी. गाडी घ्यावी असं मला आतून किती वाटलं असेल, ते या पालकांना विचारा.

पण सर गेले त्या दिवशीची गोष्ट तुम्हाला माहीत नाही. तुम्ही तेव्हा धावपळीत होता.

सर पहाटे गेले. निरोप मिळेल तसे आम्ही मंडळातले सगळे निघालो. मीही अंधारातच घर सोडलं. कोणाच्या लक्षातच आलं नाही की आज शाळेचा दिवस आहे. मुलांना कोण सांगणार? शाळेच्या बाई सरांच्या घरी. डॉक्टर सरांच्या घरी. बस्त्यावभाऊ दारात बसून रडत होते. त्या सकाळी वसईपासून अर्नाळ्यापर्यंत एकाही थांब्यावर आपलं माणूस नव्हतं. एकाही.

सकाळ वर आली आणि शाळेसमोरचा चहावाला धावत आला. "बाई, तुमची पोरं आलीत."

मी गेले. शाळेला कुलूप. आणि पायरीवर मुलं. या वर्षी नव्याने आलेली लहान नव्हती, ती अजून आमच्यापैकी कोणीतरी बरोबर असल्याशिवाय निघत नाहीत, ती घरीच राहिली. पण बाकीची होती. भुईगावची, निर्मळची, अर्नाळ्याची. डबे मांडीवर घेऊन बसलेली. मोना मध्ये. वेणी तिची तिनेच घातलेली, एक बाजू वर, एक खाली.

मी म्हटलं, "मोना, कशी आलीस गं तू?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी काहीतरी वेड्यासारखं विचारतेय.

"बसनं."

मनोहरभाऊ, मी तिथेच ठरवलं होतं. नंतरचे दिवस मी फक्त धीर गोळा करत होते.

आपल्याला गाडी नको.

तुम्ही दुखावू नका. तुमचं प्रेम मला दिसतं. पण ज्या माणसाने आयुष्याची शेवटची वर्षं या मुलांना रस्त्यावर आणण्यात घालवली, त्याच्या नावाच्या गाडीत मुलांना बंद करून आपण रस्ता त्यांच्यापासून काढून घ्यायचा? आणि नव्या वस्तीतल्या त्या बाईने आमच्या मोनाला ओळखायचं कधी? काचेतून? तिने मोनाच्या शेजारी बसायला हवं. एकदा बसेल, दोनदा बसेल. मोना तिला विचारेल, आगाशी आली? ती म्हणेल, आली. ओळख अशीच होते. दुसरी कशी होते, मला माहीत नाही.

धोका आहे. मी तो नाही म्हणत नाही. उद्या एखादं मूल पुन्हा चुकेल. त्या दिवशी तुम्ही सगळे माझ्याकडे बोट दाखवाल. दाखवा. मी पळून जाणार नाही. मीही तेव्हा सरांकडे बोट दाखवलं होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी नाक्यावर उभे होते.

शाळा उद्या उघडेल. नेहमीच्या वेळेला. आगाशी नाक्याचा थांबा मात्र रिकामा आहे. या वर्षीची लहान मुलं उद्यापासून पुन्हा यायला लागतील, आणि त्यांना उतरवून घ्यायला कोणीतरी लागेल. फार काळ नाही. ती शिकतील तोवर. मग मागे सरकायचं.

मनोहरभाऊ, मला तुमची गाडी नको. तुमची सकाळ हवी आहे.

लगेच उत्तर द्यायलाच हवं असं नाही. धंदा आहे तुमचा, मला कळतं. घरी विचारा, चार दिवस...

काय म्हणालात? मोठ्याने बोला, मागे ऐकू जात नाही.

ऐकलंत का वहिनी? ते विचारताहेत, किती वाजता यायचं.

वसईहून येणारी अर्नाळ्याची एसटी, शाळेच्या वेळेची. तिच्या थोडं आधी या. रसाच्या गुऱ्हाळाच्या मागे उभं राहू नका, तिथे लपलेला माणूस मुलांना बसमधून दिसतो. मी उद्या तुम्हाला जागा दाखवते.

आता माझं बोलून झालं.

आपण सगळे सरांसाठी थोडा वेळ शांत उभे राहू. मुलंही उभी राहतील, त्यांना जमेल तेवढा वेळ. मध्येच कोणी बोललं, हसलं, कोणी सरांना हाक मारली, तर त्याला गप्प करू नका. सरांनी कधी केलं नाही. आपण मोठ्यांनी तेवढं शांत राहायचं.

उठा. मोना, तूही ऊठ बाळ.